सहा रेघांवर उतरलेली धून

मी एक जुनी गिटार आहे, मित्रांनो. माझ्या मानेवरचा रंग बोटांनी घासून घासून उडाला आहे, पोटावर चरे आहेत, आणि एक खुंटी मूळची नाही. स्वस्थ बसणं मला कधी जमलं नाही. कोयनेच्या ओलीत माझं लाकूड फुगतं, सांगलीच्या उन्हात आकसतं, आणि दोन्हीकडे माझ्या तारा सुरातून सरकतात. मला सांभाळणारी माणसंही तशीच मिळाली, एका जागी न ठरणारी. त्या बापलेकीची हकिगत मला तुम्हांला सांगायची आहे.

माझा जन्म मिरजेचा. तिथल्या तंतुवाद्यांच्या गल्लीत सतारी आणि तंबोरे बनतात. चर्चमध्ये गाणाऱ्या एका माणसानं तिथल्या एका कारागिराला गिटार बनवायला सांगितली. कारागिरानं त्याआधी गिटार कधी बनवली नव्हती. त्यानं दुसऱ्या कुणाची तरी गिटार समोर ठेवली, तारा टेकायला शिसवीची घोडी कोरली, मानेवर पितळेच्या आडव्या पट्ट्यांचे पडदे ठोकले आणि मला उभं केलं. पण ज्यानं सांगितलं होतं त्याची बदली झाली आणि तो फिरकलाच नाही. मग मी दुकानात तंबोऱ्यांच्या रांगेत टांगली गेले. त्या थोराड भोपळ्यांमध्ये कंबर असलेली मी एकटीच. येणारे-जाणारे मला बघून हसत.

एके दिवशी कोयनानगरचे राजरत्न कांबळे पेटीचा भाता दुरुस्त करून घ्यायला आले. ते वीजघरात यंत्रांवर कामाला होते आणि वसाहतीत त्यांचा गाण्याबजावण्याचा संच होता. भात्याचं काम होईपर्यंत त्यांना बसवेना. ते दुकानभर फिरले आणि माझ्यापुढे थांबले.

"हे वो काय?"

"गिटार. कुणी न्हेईना झालंय," कारागीर म्हणाला.

राजरत्न यांनी मला खाली काढलं. त्यांना गिटार येत नव्हती, पण पेटी येत होती. एकेक तार छेडत, एकेक पडदा दाबत त्यांनी सूर शोधले. भाता तयार झाला तोवर माझ्यावर एक ओळखीचं गाणं लंगडत लंगडत चालायला लागलं होतं. त्या संध्याकाळी पेटी आणि मी, दोघी एसटीतून कोयनेला गेलो.

ते माझे सुखाचे दिवस होते. एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीला, वैशाखी पौर्णिमेला, कुणाच्या लग्नाला, कुणाच्या बारशाला आमचा संच जायचा. ढोलकीवर सिद्धू असायचा. तो राजरत्न यांचा लहानपणापासूनचा दोस्त. लोक पुढच्या रांगेतून ओरडत, "राजाभाऊ, गिटारीवर होऊ द्या!" मग माझ्यावर उजेड पडायचा.

राजरत्न वसाहतीतल्या मुलांना शिकवतही. त्यांची रीत एकच होती. विद्यार्थ्याकडे पाठ करून बसायचं आणि नुसतं ऐकायचं.

"तिसरं बोट घसरलं," ते भिंतीकडे बघत म्हणायचे. "बोटांकडं बघू नगंस. कान दे, कान."

त्यांची एक स्वतःची धून होती. वीजघराकडे जाणारी गाडी कुंभार्ली घाट उतरायची तेव्हा ती त्यांना सुचली होती. त्या धुनेला नाव नव्हतं, घरात सगळे तिला वळणाची धून म्हणत. सूर आता मुक्कामाला येतोय असं वाटावं आणि ऐन वेळी त्यानं वळण घ्यावं, अशी ती होती. ती वाजू लागली की माझ्याही लाकडात हुरहुर भरायची. ती धून दुसऱ्या कुणाला येत नव्हती. कागदावरही नव्हती, कारण राजरत्न संगीत लिहायला कधी शिकलेच नाहीत.

त्यांची मुलगी नीलिमा लहानपणी शिकायला बसायची, पण तिला डोळ्यांनी बघायचं असायचं. बोट कुठं ठेवायचं, कुठली तार, कितवा पडदा, असे प्रश्न ती विचारायची.

"आवं, दावा की तिला एकदा," तिची आई माया म्हणायची.

"दावून गाणं येत न्हाई. कानानंच घ्यावं लागतं."

नीलिमा फणकाऱ्यानं उठायची. वळणाची धून तिला अर्धीच आली. अर्ध्यावर तिनं मला खाली ठेवलं ते ठेवलंच.

मग एका पावसाळ्यात राजरत्न तापानं फणफणले. ताप मेंदूपर्यंत गेला. साताऱ्याच्या दवाखान्यात ते बरेच दिवस होते. घरी आले तेव्हा अंगाची काडी झाली होती, पण जीव वाचला म्हणून सगळे आनंदात होते. माया त्यांच्याशी बोलायची आणि ते नुसती मान हलवायचे. अशक्तपणा आहे, येईल ताळ्यावर, असं सगळ्यांना वाटलं.

खरं काय ते सगळ्यांच्या आधी मला कळलं.

एका सकाळी त्यांनी मला भिंतीवरून काढलं आणि मांडीवर घेतलं. माझ्या तारा उतरल्या होत्या. त्यांनी सगळ्यांत बारीक तार छेडली, खुंटी पिळली, पुन्हा छेडली. सूर जागेवर आला, पण ते थांबले नाहीत. खुंटी आणखी पिळली. तार चढली, किंचाळायला लागली. मला वाटलं, आता थांबतील. त्यांनी कान माझ्या पोटाशी आणला आणि आणखी एक पीळ दिला. तार तटकन तुटली आणि त्यांच्या गालावर ओरखडा काढून गेली.

माया स्वयंपाकघरातून धावत आली. "आवं, किती ताणायची ती! आईकाय येत न्हाई का तुमास्नी?"

ती पाठीमागून बोलत होती. त्यांनी वळूनही बघितलं नाही.

उजव्या कानाचं ऐकणं पूर्ण गेलं होतं. डाव्यात नुसती घरघर उरली होती. समोर उभं राहून हळू बोललं तर ओठ बघून त्यांना बरंचसं कळायचं. कामावर त्यांना यंत्रांवरून भांडाराकडे हलवलं. सिद्धू घरी येऊन मोठ्यानं सांगायचा, "राजा, तू नुसता बस रं आमच्यात. आमी सांभाळून घेतो." राजरत्न एकदाही गेले नाहीत. पुढं संचात विजेची पेटी, कॅसिओ, वाजवणारा एक जण आला.

मी भिंतीवर लटकले. माझ्यावर धूळ बसली, आत कोळ्यानं जाळं केलं. पण त्यांची बोटं काही शांत झाली नाहीत. ती ताटाच्या काठावर वाजायची, दाराच्या कडीवर वाजायची, झोपेत पांघरुणावर चालायची. मी वरून ओळखायचे, ही वळणाची धून. माझ्या अगदी समोर ती वाजत होती आणि आवाज कुठंच नव्हता. त्यासारखा छळ नाही, मित्रांनो.

नीलिमा बारावी होऊन सांगलीला संगणकाच्या पदविकेला निघाली, तेव्हा ते एकदम उठले आणि मला तिच्या बॅगेशेजारी ठेवलं.

"घिऊन जा हिला. माझ्या डोळ्यांफुडं नगो."

"बाबा, मला कुठं येतीय?"

त्यांनी ओठ बघितले की नाही कोण जाणे. ते बाहेर निघून गेले.

पाटण, कऱ्हाड करत आम्ही सांगलीला पोचलो. कंडक्टरनं मला टपावर टाकायला सांगितलं, तर नीलिमा म्हणाली, "तिला मांडीवर घेते. माणूस समजा." वसतिगृहात तिनं नवी तार बसवली, जाळं काढलं आणि वळणाची धून वाजवायला घेतली. अर्ध्यावर आली आणि अडकली. पुन्हा सुरुवात, पुन्हा तिथंच. खोलीतल्या मुली कंटाळून बाहेर जायच्या. बाबा आता वाजवत नाहीत, आणि आपण वाजवलं तरी आपली चूक त्यांना ऐकू येणार नाही, या विचारानं तिचा डोळा लागायचा नाही. तिची तळमळ मला तिच्या बोटांतून कळायची. ती मला फार जोरात धरायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीत नुकतेच इंटरनेटचे कॅफे निघाले होते. महाविद्यालयाजवळ यशराज नावाच्या तरुणानं एक उघडला होता. घरचे म्हणत होते ऊस बघ, तर यानं खाली गाळ्यात संगणक मांडले. वर त्याचं घर होतं आणि फोनची लाईन एकच, इंटरनेटही तिलाच लावलेल्या मॉडेममधून यायचं. वर कुणी फोन उचलला की खाली सगळ्यांचं इंटरनेट बंद पडायचं.

तिथं नीलिमाला एक पान सापडलं. ते संगणकाच्या काचेवर फार हळू उतरायचं, वरून खाली, ओळ ओळ. त्यावर सहा आडव्या रेघा होत्या, माझ्या सहा तारांच्या. रेघांवर आकडे होते. ज्या रेघेवर आकडा, ती तार छेडायची. जो आकडा, तितवा पडदा दाबायचा. शून्य असेल तर तार मोकळी. याला टॅब म्हणतात. टॅब छापलेलेही असतात, पण हे पान जिवंत होतं. बटण दाबलं की संगणक ती धून पिपाणीसारख्या आवाजात वाजवायचा आणि एक पिवळा ठिपका त्या त्या वेळी त्या त्या आकड्यावर उडी मारायचा. सगळ्यांत खाली सहा रेघा कोऱ्या सोडल्या होत्या. तिथं आपण आपले आकडे घालायचे आणि तेही वाजायचे.

दुसऱ्या दिवशी नीलिमा मला घेऊनच कॅफेत गेली.

"अगं ए, हे काय, ऑर्केस्ट्रा हाय व्हय?" यशराज म्हणाला.

"कोपऱ्यात बसते. हळू वाजवते."

"वाजीव बाई. तसंबी मॉडेमच्या केकाटण्यानं कान किटल्यात आमचे."

ती शिकायला लागली. ठिपक्याच्या मागून तिची बोटं धावायची. ठिपका पुढं निघून जायचा, ती पुन्हा बटण दाबायची. त्या ठिपक्याला कंटाळा नव्हता, राग नव्हता. लहानपणी तिला जे कुणी दाखवलं नव्हतं ते आता डोळ्यांसमोर होतं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तिची बोटं माझ्यावर न अडखळता फिरायला लागली. पण वळणाची धून कुठल्याच पानावर नव्हती. ती एकाच माणसाच्या हातात होती.

हिवाळ्यात राजरत्न कान तपासायला मिरजेला आले. नीलिमा सोबत होती. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि मग सरळ सांगितलं की गेलेलं ऐकणं परत यायचं नाही. डॉक्टरांचे ओठ त्यांना नीट वाचता आले. वाचता आले नसते तर बरं झालं असतं, असं नीलिमा नंतर मैत्रिणीला सांगत होती.

त्याच दुपारी ती त्यांना सांगलीला कॅफेत घेऊन आली. सकाळीच ती मला तिथं ठेवून गेली होती, मी कोपऱ्यात टेकून उभी होते. मला बघितलं आणि त्यांचं तोंड कडवट झालं.

"हिला कशाला आणलीस हितं?"

नीलिमानं त्यांना खुर्चीवर बसवलं, त्यांच्यासमोर तोंड करून हळूहळू सांगितलं, "बाबा, या रेघा म्हणजे तारा, हा आकडा म्हणजे पडदा. फक्त बघा." तिनं पान उघडलं, बटण दाबलं. ठिपका उड्या मारायला लागला आणि तिनं त्याच्याबरोबर मला वाजवलं. एकही चूक झाली नाही. तिनं आशेनं मान वर केली.

"आकडे बघून गाणं?" ऐकू येत नसल्यानं ते फार मोठ्यानं बोलायचे. सगळा कॅफे वळून बघायला लागला. "लाईटबिल हाय का ते? आन तू वाजीवतीस का नुसती खाजवतीस, मला काय कळणार गं? मला हितं बशीवलंस कशाला?"

ते उठले. नीलिमानं त्यांचा हात धरला नाही. तिनं खालच्या कोऱ्या रेघांवर भराभरा आकडे घालायला घेतले. तिला येत होती तेवढी अर्धी धून. राजरत्न चपला घालत होते. ठिपका चालायला लागला. त्यांनी सहज वळून संगणकाकडे बघितलं आणि एक चप्पल पायात, एक बाहेर, असे थांबले.

ठिपका कुठल्या तारेवर, कुठल्या पडद्यावर जातोय ते ते बघत होते. त्यांचा डावा हात हवेतच वर आला, बोटं हलायला लागली.

"थांब," ते म्हणाले. "तितं चुकलं."

नीलिमा गर्रकन वळली.

"पुन्ना लाव. हां… हां… हितं. तू तिसऱ्या पडद्याव गेलीस. माझं बोट पाचव्याव हाय. वळण तितं हाय, नीलू. तितंच तर गाडी वळतीया!"

नीलिमा लहानपणापासून तिथं चुकत होती. म्हणून तिला पुढचं कधी सापडलं नव्हतं. तिनं आकडा बदलला, ठिपका पाचव्यावर गेला. ती काही बोलायच्या आधीच त्यांनी मला उचललं होतं.

किती दिवसांनी तो हात माझ्या मानेवर आला! त्यांना मी ऐकू येत नव्हते. पण बोटांना वाट पाठ होती. ते एक तुकडा वाजवायचे, थांबायचे, आणि नीलिमा बोटं बघून आकडे घालायची. मग ठिपका चालायचा आणि ते संगणकाच्या काचेला नाक लावून तपासायचे. "ह्ये बरुबर. ह्ये मागं घे. जरा थांबीव त्याला तितं, घाई करतंय." चूक काढताना त्यांचा आवाज पूर्वीसारखाच खणखणीत होता. यशराज गल्ला सोडून मागं येऊन उभा राहिला होता.

धून शेवटाकडे आली आणि संगणकावरचं पान थिजलं. वर कुणीतरी फोन उचलला होता. यशराज "आवं आई, ठिवा, ठिवा!" म्हणून ओरडत जिन्यावर धावला. पण पान पुन्हा उघडलं तेव्हा खालच्या सहा रेघा कोऱ्या होत्या. नीलिमाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गेलं व्हय?" राजरत्न यांनी विचारलं.

तिनं मान हलवली.

"मग पुन्ना घाल. माझ्या बोटांतनं कुटं गेलंय?"

त्यांनी दुसरी चप्पलही काढून ठेवली आणि मला मांडीवर नीट घेतलं. संध्याकाळपर्यंत धून पुरी झाली. यशराजनं छपाईयंत्र चालू केलं. खरखरत कागद बाहेर आला, तेव्हा राजरत्न यांनी तो उजेडाकडे धरला आणि बोटानं रेघा चाचपल्या. "हिचं असं रूप हाय तर," एवढंच ते म्हणाले.

मी त्यांच्याबरोबर कोयनेला परतले. तिथं इंटरनेट नव्हतं. नीलिमा सुट्टीला येताना गाण्यांचे छापील टॅब आणायची. घरात पुन्हा वर्ग भरायला लागला. आता राजरत्न विद्यार्थ्यांकडे पाठ करत नसत. समोर गुडघ्याला गुडघा लावून बसत, एक डोळा कागदावर, एक बोटांवर. वसाहतीतली चंद्राबाई नावाची अंगणवाडीची बाई, दोन पोरींची आई, तीही शिकायला यायची. "आवं, माझं बोट तितवर पोचतच न्हाई," ती तक्रार करायची. त्यांना ओठांवरून कळायचं आणि ते तिच्या मनगटाचा बाक बदलून द्यायचे. पण एक खंत त्यांना सोडत नव्हती. बोट बरोबर पडलं हे त्यांना दिसायचं. सूर कसा लागला हे मात्र समोरच्याच्या तोंडावरून ओळखावं लागायचं. वर्ग संपला की ते मला जवळ घेऊन बसायचे, एकच तार पुन्हा पुन्हा छेडायचे आणि अस्वस्थ होऊन उठायचे.

पुढच्या एप्रिलमध्ये जयंतीचा कार्यक्रम ठरला. सिद्धू स्वतः आला आणि नीलिमाला म्हणाला, "ह्या बारीला राजाची धून व्हायाच पायजे. मी ढोलकी धरतो, तू गिटार घे."

वसाहतीच्या मैदानावर मांडव घातला होता. वंदना झाली, भाषणं झाली. मग नीलिमा मला घेऊन मंचावर बसली. माझ्यापुढे माईक होता. राजरत्न पहिल्या रांगेत बसले होते, मान पुढं काढून, नजर तिच्या बोटांवर. धून सुरू झाली. पहिलं वळण गेलं, तिचं बोट बरोबर पाचव्या पडद्यावर पडलं. त्यांनी मान डोलावली.

आणि लाईट गेली. जिथं वीज तयार होते तिथंच वीज गेली. मांडव काळाकुट्ट झाला, माईक मुका झाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. नीलिमाचा हात थबकला, पण सिद्धूनं ढोलकी सोडली नाही. "थांबू नगंस पोरी," तो पुटपुटला. ती वाजवत राहिली. मागच्यांना ऐकू येईना, म्हणून लोक आपोआप गप्प होत गेले. माझा लाकडाचा उघडा आवाज हळूहळू मैदानभर पोचायला लागला.

सगळ्यांना ऐकू येत होतं. एकाच माणसाला येत नव्हतं, आणि आता त्याला दिसतही नव्हतं.

मंचाच्या फळ्या वाजल्या. कुणीतरी चाचपडत वर आलं. नीलिमाच्या खांद्याला एक हात लागला, तिथून घसरत माझ्यावर आला. राजरत्न यांनी आपला तळवा माझ्या पोटावर सपाट ठेवला. तारा हलत होत्या तशी मी थरथरत होते, आणि ती सगळी थरथर त्यांच्या हातात जात होती. तो हात आधी ताठ होता. मग सैल पडला.

"लागलाय," ते हळू आवाजात म्हणाले. ताप आल्यापासून त्यांना हळू बोलताना मी ऐकलं नव्हतं. "सूर लागलाय, नीलू. जा फुडं."

धून शेवटपर्यंत गेली. दिवे आले तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. राजरत्न यांचं तिकडे लक्ष नव्हतं. शेवटची तार पूर्ण थांबेपर्यंत त्यांनी हात काढला नाही. त्यांची बोटं इतकी निवांत मी त्याआधी कधीच पाहिली नव्हती.

त्यानंतर त्यांच्या वर्गात नवी रीत आली. एक हात गिटारीवर, नजर बोटांवर. अजूनही ते असंच शिकवतात.

मित्रांनो, माझी धूळ एका फडक्यानं निघाली आणि तुटलेली तार बदलून मिळाली. माणसाचं तसं होत नाही. तुमच्या घरात कुणाचा कान गेला असेल, कुणाची नजर मंदावली असेल, तर त्याला मानानं कोपऱ्यात बसवून ठेवू नका. त्याच्या हातात त्याचं काम द्या आणि त्याच्यापर्यंत पोचायची दुसरी वाट शोधा. ती शोधताना कंटाळू नका. आणि घरात एखादं वाद्य टांगलेलं असेल तर आजच खाली काढा. आत बसून आम्ही फार तळमळत असतो.